मिरचीचे देठ काढणारं यंत्र

माझं वय एक्कावन्न आहे आणि मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची यंत्रं बनवते. हे वाक्य मी चारचौघांत म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे, की बुवा घरात सगळं ठीक आहे ना. बाईनं वाती कराव्यात, क्रोशाचे रुमाल विणावेत, फार तर भजनी मंडळात जावं. तो झाला छंद. ठोकळे म्हणजे पोरखेळ. माझा नवरा अशा वेळी "तिचा वेळ जातो" असं म्हणून माझी बाजू घेतो, आणि मला लोकांपेक्षा त्याचाच जास्त राग येतो. माझा वेळ जात नाही. मी तो खर्च करते, आणि कशावर करते ते मला पक्कं ठाऊक असतं.

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याच्या कपाटात तळाशी एक डबा सापडला. फोन करून विचारलं तर म्हणाला, टाकून दे. टाकण्याआधी उघडून पाहिला. आत नुसते ठोकळे नव्हते. ओळीनं भोकं असलेल्या पट्ट्या होत्या, त्या एकमेकींना जोडायच्या पिना होत्या, फुलीच्या आकाराच्या दांड्या होत्या आणि दातेरी चाकं होती, लहान, मोठी, मधली. मी दोन चाकं शेजारी शेजारी बसवली आणि एक फिरवलं. ते उजवीकडे गेलं, दुसरं डावीकडे. हे मला शाळेत कधीतरी शिकवलं असणारच, पण हाताला कळलं ते त्या दिवशी, भोकरदनच्या आमच्या घरात, पलंगावर मांडी घालून बसलेली असताना. दिवसभर कचेरीत मी आवक-जावक बघते, म्हणजे लोकांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवते. त्यातून काही फिरत नाही.

मग मी सुटलेच. उसाचा चरक केला, रहाट केला, शिवणयंत्राची सुई वरखाली होते तशी होणारी एक दांडी केली. यातलं एकही आज घरात नाही. या खेळाची, खेळच म्हणा हवं तर, गंमत अशी की नवीन काही करायचं तर जुनं मोडावं लागतं, कारण चाकं तेवढीच असतात. मोडण्यात मला कधी वाईट वाटलं नाही. चुकलं तर सोडवायचं, पुन्हा जोडायचं, कोणाला हिशेब द्यायचा नाही. आयुष्यात इतकी सोय दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती.

माझे वडील, अण्णा, धावड्याला राहतात. शेती आहे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख मिस्त्री अशीच. ऑइल इंजिन असो, मळणीयंत्र असो की पिठाची गिरणी, काही बंद पडलं की माणूस आमच्या दारात उभा. त्यांच्या डोक्यात स्वतःचं असं एकच यंत्र होतं, आणि ते चाळीस वर्षं डोक्यातच राहिलं: वाळलेल्या लाल मिरचीचे देठ काढणारं. आमच्या भागात मिरची भरपूर. उन्हाळ्यात बायका अंगणात मिरचीचा ढीग मध्ये घेऊन देठ खुडत बसतात. माझी आईही बसायची. संध्याकाळी ती हात ताकात बुडवून ठेवायची, आणि तरी भाकरी थापताना तव्याची झळ लागली की कण्हायची. अण्णा ते बघायचे आणि म्हणायचे, थांब, तुला यंत्र करून देतो. अख्ख्या गावाची यंत्रं त्यांनी नीट केली आणि आईचं राहून गेलं. आई गेली. याचाही मला राग आहे आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितलेला आहे. त्यांनी तेव्हा मान खाली घातली होती.

म्हणून मी म्हटलं, लोखंडात नाही तर नाही, प्लास्टिकमध्ये करू. तुमचे हात थरथरतात, माझे चालतात. तुम्ही सांगा, मी जोडते.

दोन वर्षं आम्ही ते केलं. रोज संध्याकाळी फोन. दोन रोलर, लाटण्यासारखे, एकमेकांना जेमतेम घासतील इतके जवळ आणि उलट दिशेनं फिरणारे. त्यांच्यावर एक उतरती चाळणी, हळूहळू डुलणारी. मिरची चाळणीवरून घसरत येते. अंगानं जाड म्हणून वरच राहते, देठ बारीक म्हणून तो रोलरच्या फटीत शिरतो, आणि रोलर त्याला खाली ओढून तोडतात. सांगायला इतकं सोपं. मी ते अकरा वेळा मोडलं. एकदा रोलरनी देठ सोडून अख्खी मिरचीच चघळली, घरभर तिखट उडालं, मी आणि माझा नवरा शिंकत शिंकत गॅलरीत जाऊन उभे राहिलो. अण्णा फोनवर इतके हसले की त्यांना खोकला लागला. रविवारी मी यंत्र पोळ्यांच्या डब्यात घालून एसटीनं धावड्याला न्यायचे. ते कानाजवळ धरून हँडल फिरवायचे आणि सांगायचे, कुठे घासतंय, कुठे अडतंय.

"दांडी कसून बसवू नको," ते मला नेहमी सांगायचे. "जरा ढिली पाहिजे ती. दम कोंडला की मशीन मरतं."

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. मी त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकवायची, किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले होते. केदारखेडा मागे पडलं. मग म्हणाले, "मंग आता जल्दी कर. ते फिरताना मला दिसलं पाहिजे."

मी जल्दी केली. श्रावण संपता संपता यंत्र चाललं. दहा मिरच्या टाकल्या की आठांचे देठ खाली पडायचे, सुटे, स्वच्छ. मी एकटीच टेबलापाशी उभी होते आणि मला रडू आलं. ते आता पोळ्यांच्या डब्यात मावत नव्हतं, आणि आठ दिवसांनी अण्णा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे येणारच होते. तेव्हाच दाखवू असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर त्यात माझा तोराही होता. सगळे जमलेले असतील, माझा बाप हँडल फिरवील, आणि मला पोरखेळ म्हणणारे सगळे ते बघतील. ही माझी चूक. पण एवढीच माझी.

महालक्ष्म्या आमच्या घरात तीन दिवस बसतात. संभाजीनगरहून धाकटे दीर आणि जाऊबाई आदल्या दिवशीच येतात. दीर तिकडे कारखान्यात इंजिनिअर आहेत. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आमच्या घरात तो दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. पंखा आवाज करतोय, भाऊजींना बघू द्या, ते इंजिनिअर आहेत. जाऊबाईंना आरास करायची भारी हौस. लक्ष्म्यांसमोर पायऱ्या मांडायच्या आणि त्यांवर घरातली जेवढी म्हणून खेळणी, बाहुल्या, पितळी भांडी असतील तेवढी सजवायची. त्यांनी माझं यंत्र पाहिलं आणि म्हणाल्या, वहिनी, हे मधल्या पायरीवर ठेवू या, किती रंगीत आहे. त्या घरात माझी वस्तू कोणी मागून घेतली असं पहिल्यांदाच होत होतं. मी हो म्हटलं. फक्त हँडल बाहेरच्या बाजूला येऊ द्या म्हणून सांगितलं आणि शेपूची भाजी निवडायला स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी लक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं, मुखवटे, घंटा, सगळं यथासांग. आरती झाली. मी तबक फिरवत असताना दीर माझ्याजवळ आले आणि हळूच, खुशीत म्हणाले, "वहिनी, तुमचं ते शोपीस पक्कं करून टाकलं. ठेवताना एक तुकडा निसटून हातात आला होता. म्हटलं कोणाचा धक्का लागला तर सगळं विस्कटेल. प्रत्येक जोडात गोंदाचा थेंब सोडला. आता आपटलं तरी तुटणार नाही."

मी तबक खाली ठेवलं आणि जवळ जाऊन वाकून पाहिलं. प्रत्येक चाकाभोवती, प्रत्येक दांडी जिथे भोकात शिरते तिथे, पांढरट साय धरली होती. तो झटकन चिकटणारा गोंद वाळला की अशी साय सोडतो. रोलरवरही होती. मी हँडलला एक बोट लावलं. ते भिंतीत गाडलेल्या खुंटीसारखं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते मला त्या क्षणी कळलं. मी तबक पुन्हा उचललं आणि उरलेल्यांसमोर फिरवलं. आमच्या घरचा रिवाज असा की लक्ष्म्या एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत समोरची मांडणी हलवायची नाही आणि घरात आवाज चढवायचा नाही. यांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, तर हे म्हणाले, तीन दिवस शांत रहा, मग बघू, तो मुद्दाम थोडंच करील. मुद्दाम केलं नाही हे मलाही माहीत होतं. मुद्दाम केलं असतं तर मला इतका राग आला नसता. मुद्दाम करणाऱ्यानं निदान ते यंत्र आहे हे ओळखलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी पुरण शिजवलं, वाटलं, सोळा भाज्या केल्या, आंबील केली. हात चालू होते आणि डोक्यात एकच, की बारा वाजता अण्णा येतील. त्यांना आधीच फोन करून येऊ नका म्हणावं असं दोनदा मनात आलं. पण लक्ष्म्यांच्या जेवणाला बापाला येऊ नको कसं म्हणायचं, आणि कारण काय सांगायचं. सांगितलं नाही. यांना म्हटलं, तुम्ही तरी भाऊजींना सांगा, अण्णा बसले असतील तेव्हा काही बोलू नका म्हणावं. हे विसरले.

अण्णा आले, नवं धोतर नेसून. दारातूनच लक्ष्म्यांना हात जोडले आणि एका लक्ष्मीच्या हिरव्या साडीचे काठ छान आहेत म्हणाले. म्हणजे त्या दिवशी त्यांना तेवढं दिसत होतं. हे मी पुढे शंभर वेळा आठवलेलं आहे. जेवणं झाली, पान झालं, आणि मी भीत होते तेच झालं. दीर त्यांना हाताला धरून आरासीसमोर घेऊन गेले. पाट दिला. म्हणाले, बघा, तुमच्या लेकीचं काम, मी जरा मजबुती दिली.

अण्णा पाटावर बसले. मान पुढे करून, डोळे बारीक करून त्यांनी यंत्र पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग हँडलवर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होते. बैठकीत दहा-पंधरा माणसं होती, सगळी पोटभर जेवलेली, सगळी कौतुकानं बघणारी. अण्णांचं मनगट जरासं वळलं आणि थांबलं. त्यांनी हात काढला नाही. तसाच ठेवून ते म्हणाले, "बराबर फिरून राह्यलं. बिलकुल बराबर."

लोक खूश झाले. दीर खूश झाले. जाऊबाईंनी अण्णांना आणखी एक पान आणून दिलं. मला वाटलं, याच्यापेक्षा मेलेलं बरं. माझ्या बापाची नजर इतकी गेली आहे का, की फिरत नसलेलं चाक त्यांना फिरताना दिसतंय? की त्यांना कळलं आहे? दोन्हींतलं काय वाईट ते मला ठरवता येईना.

त्यांना बसस्थानकावर सोडायला मी एकटीच गेले. धावड्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या मी सरळ विचारलं, तुम्हाला खरंच फिरताना दिसलं का?

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आवाजच न्हाई आला. हात ठेवल्याबरोबर कळालं, कोणीतरी जाम करून टाकलंय."

मग खोटं का बोललात?

"मी तर बसमधी बसून चाल्लो गावाला. तुला याच घरात राह्यचंय ना."

सव्वीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. सव्वीस वर्षांत या माणसानं त्या घरात माझ्यासाठी काय काय गोड मानून घेतलं असेल, किती ठिकाणी मान डोलावली असेल, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांना नजर जाण्याआधी एक गोष्ट बघायची होती. ती बिघडवणाऱ्यालाच त्यांनी शाबासकी दिली, का, तर मुलीच्या सासरी कोणाला वाईट वाटू नये. मला त्यांचा राग आला. त्यांच्यापेक्षा जास्त, हे असं करावं लागतं असं ज्यांनी त्यांना शिकवलं त्यांचा आला. गाडी लागली, मी त्यांना चढवून दिलं आणि पायी घरी आले.

हळदीकुंकू चालू होतं. बायका बसलेल्या होत्या. मी चपला काढल्या, आरासीपाशी गेले आणि मधल्या पायरीवरचं यंत्र उचललं. जाऊबाई म्हणाल्या, अहो वहिनी, उद्यापर्यंत हलवायचं नसतं. मी ते घेऊन दिरांसमोर उभी राहिले.

"भाऊजी, तुम्ही इंजिनिअर आहात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "याला हँडल आहे. चाकं आहेत. हे फिरत असेल, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

ते खरोखर गोंधळले. माझ्याकडे, मग यंत्राकडे, मग बायकांकडे पाहिलं. "वहिनी, मला वाटलं शोसाठी आहे."

दोन वर्षं ते यंत्र आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर होतं. ते सणावाराला यायचे, त्याच टेबलावर चहाचा कप ठेवायचे. मी किती वेळा म्हटलं होतं, फिरवून बघा. एकानंही हँडलला हात लावला नव्हता. बायकांच्या हातून काही रंगीत झालं की ते शोसाठीच असतं, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की डोळ्यांसमोरची चाकं दिसली नाहीत. माझ्या बापाचे डोळे काचबिंदूनं गेले. या लोकांना काय झालं होतं? हे सगळं मी तेव्हा बोलले, बायकांसमोर, लक्ष्म्यांसमोर, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. हे मला आत चल म्हणत होते. मी गेले नाही.

पुढचे आठ दिवस समजुतीचे फोन. एवढ्याशा गोष्टीसाठी सणात असं करतात का. जाऊबाईंनी परत जाण्याआधी नेलपॉलिश काढायचं औषध लावून गोंद सोडवायचा प्रयत्न केला होता. गोंदाबरोबर प्लास्टिकही विरघळलं आणि दोन चाकांचे दात साखरेच्या बत्ताशासारखे बोथट झाले. दिरांनी भरपाई म्हणून एक मोठा खोका पाठवला. त्यातून लाल मोटारगाडी होत होती, चित्रात दाखवल्याप्रमाणे. दातेरी चाकं त्यात फक्त चार. मी तो खोका तसाच परत पाठवला, तर मी उर्मट ठरले.

लागणारे सुटे भाग मी स्वतः मागवले. ते यायला दसरा उलटून गेला. मी रजा काढून बसले आणि यंत्र पुन्हा उभं केलं. अण्णांना फोन करायची गरज नव्हती, मला प्रत्येक दांडी पाठ होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ते खोक्यात घालून, मांडीवर धरून, एसटीनं धावड्याला नेलं.

भर दुपार होती. अण्णा अंगणात खाटेवर बसले होते. मी यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा हात धरून हँडलवर नेला, कारण ते त्यांना शोधावं लागत होतं. त्यांनी फिरवलं. फिरलं. कुठे घासलं नाही, कुठे अडलं नाही. मी चाळणीवर एक वाळलेली मिरची टाकली, ती डुलत खाली आली, टक् आवाज झाला आणि देठ खाली पडला. अण्णांनी मिरची चाचपून उचलली आणि तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा हँडल फिरवू लागले आणि चेहरा माझ्या बाजूला वळवला, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी.

"देठ फटीत जाताना कसा दिसतो गं?" त्यांनी विचारलं. "सांग बरं."

मी सांगितलं. आधी टोक आत जातं, मग तो आडवा होतो, मग रोलर त्याला धरतात. जमेल तेवढं नीट सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते आणि फिरवत होते. माझ्या तोंडून शब्द येत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती, कारण ही त्यांना सांगायची गोष्ट नव्हतीच. ती त्यांनी बघायची होती, आणि भाद्रपदात त्यांना ती दिसली असती.